पोकळ चिन्हं

झक्करिया बेल्त्रामेंच्या थडग्याचा दगड चर्चच्या फरशीत बसवून झाला, त्यांच्या मृत्यूनंतरची महिन्याची मिस्सा-प्रार्थना संपली, आणि फादर फांतिन यांनी खाली वाकून दगड वाचायचा प्रयत्न केला. डावीकडून केला, उजवीकडून केला. मग दगडाभोवती एक पूर्ण फेरी मारली.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"वडिलांचा मृत्युलेख," मारिन म्हणाला. तो थोरला मुलगा, म्हणून उत्तरं द्यायचं काम त्याच्याकडे.

"कुठल्या भाषेत?"

"आपल्याच, फादर. फक्त अक्षरं बदललेली आहेत."

"का?"

मारिनने खांदे उडवले. वडिलांनी सगळं आयुष्य राजवाड्यातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत घालवलं होतं. परक्या दरबारांच्या वकिलांची पत्रं व्हेनिसमधून जाता जाता चुकून त्यांच्या टेबलावर यायची, आणि तिथून चुकून वाचून व्हायची. गुप्तलिपीचा हा उद्योग ते घरीही आणत. मासळीवाल्याला निरोप गुप्तलिपीत. धाकट्या नाडालच्या लग्नाचं आमंत्रणही त्यांनी गुप्तलिपीतच काढलं होतं. लग्नाला कोणी आलं नाही. नवरीही आली नाही.

"देवाच्या घरात," फादर म्हणाले, "देवालाही वाचता न येणारा दगड?"

"देवाला येतो वाचता, फादर."

"मला येत नाही!"

त्यांनी वेदीसमोरचा गालिचा ओढत आणला आणि दगडावर टाकला. वर स्वतः उभे राहिले. "बिशपना विचारेपर्यंत हा इथून हलणार नाही. सैतानाचं लिखाण आहे की बेल्त्राम्यांचं, ते बिशप सांगतील. मला तरी फरक दिसत नाही."

मागे उभ्या असलेल्या बायकांना दगड दिसलाच नव्हता. मारिनला मात्र दिसला होता, आणि त्याने वेळ घालवला नव्हता. फादर फेरी मारत होते तेव्हा तो गुडघ्यांवर बसून, धुपाटण्यातल्या कोळशाने, आपल्या शर्टाच्या पांढऱ्या बाह्यांवर सगळा लेख उतरवून घेत होता. आधी डावी बाही, मग उजवी. लोकांना वाटलं, पोरगा दुःखाने कपडे काळे करतोय. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले.

मारिनला घाई होती. वडील मरायच्या आदल्या दिवशी राजवाड्याचा माणूस पलंगाशी आला होता. 'सेर झक्करिया, तुमच्यानंतर त्या खुर्चीवर तुमच्या घरातलं कोण? तुम्ही नाव सांगाल ते मान्य. नाव नसेल, तर खुर्ची पेंझिनांकडे जाईल.' पेंझिन म्हणजे कालव्यापलीकडचं घराणं. बेल्त्रामे त्यांच्याकडे पाठ करून जेवत. म्हाताऱ्याने डोळे न उघडता सांगितलं होतं, 'नाव दगडावर आहे.' आणि स्वतःवर खूश होऊन मरून गेला होता.

आता दगड बसला होता. आज संध्याकाळच्या घंटेला राजवाड्याचा कारकून नाव न्यायला येणार होता. दगड राजवाड्याला स्वतःला वाचता आला नसता. मुलं सोडली तर बेल्त्राम्यांची घरगुती लिपी वाचू शकणारा एकच माणूस राजवाड्यात होता, आणि तो दगडाखाली होता.

नाव आपलंच आहे याबद्दल मारिनला शंका नव्हती. वडिलांनी ते किती सुंदर दडवलंय, एवढंच त्याला बघायचं होतं.

*

घरी जेवणाच्या टेबलावर मारिन दोन्ही हात पसरून बसला होता. शिंपी माप घेताना बसवतो तसा. त्याच्या बायकोला, लुग्रेत्सियाला, हे बघवत नव्हतं.

"तो शर्ट माझ्या माहेरचा आहे," ती म्हणाली.

"आज हा शर्ट नाही. आज हा दस्तऐवज आहे."

"धुवायचा कोणी? दस्तऐवज?"

"वहिनी, बाजूला व्हा, उजेड अडतोय," ओर्सेत्ता म्हणाली आणि भावाचं मनगट पकडून खिडकीकडे वळवलं.

लुग्रेत्सिया बाजूला झाली, पण मनात नोंद ठेवली. या नणंदेचा आवाज चढायला लागला होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून माळ्यावरचं सगळं काम हीच करायची. राजवाड्यातून पुडकं यायचं, वर जायचं, उकल होऊन खाली यायचं, आणि खाली म्हातारा सही करायचा. सही तेवढी त्याची. घरात सगळ्यांना माहीत होतं, घराबाहेर कोणालाच नाही. मारिन राजवाड्यात साधा लेखनिक. त्याला लिपी येत होती, पण पोहता येणाऱ्याला समुद्र येतो तितकीच. आणि म्हाताऱ्याने ओर्सेत्ताला शब्द दिला होता, हेही लुग्रेत्सियाने दाराआडून ऐकलं होतं: 'जाताना तुझं नाव घेईन, ओर्सी. तुझ्या नावाने काम करशील.'

म्हातारे लोक काहीही बोलतात, असं लुग्रेत्सियाने ठरवून टाकलं होतं.

ओर्सेत्ताला लिहून बघायची गरज नव्हती. कुठल्या चिन्हाच्या जागी कुठलं अक्षर, ते तिच्या डोक्यात होतं. ती बाहीवरून बोट फिरवत थेट वाचत गेली. "इथे... झक्करिया बेल्त्रामे... विसावला आहे. वाटसरू, क्षणभर थांब... आणि त्याच्यासाठी प्रार्थना कर."

"पुढे?" मारिन म्हणाला.

"पुढे तुझं मनगट."

"नाव?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही! कोणाचंच नाही! वाटसरू थांबा, प्रार्थना करा! हे कुठल्याही सुताराच्या थडग्यावर असतं!" तिने त्याचा हात असा सोडला की तो टेबलावर आपटला. "माझे डोळे वापरले. इतकी वर्षं. आणि शेवटी वाटसरूला हाक मारली!"

"अजून एक कुलूप असणार," मारिन म्हणाला. "आतल्या आत. अक्षरांची जागा बदललेली असणार. ओळी उभ्या लिहून आडव्या वाच."

त्यांनी उभ्या लिहून आडव्या वाचल्या. 'मीठ' निघालं आणि पुढे काहीच नाही. उलटं वाचून बघितलं. प्रत्येक अक्षर एक घर मागे सरकवून बघितलं, तेव्हा एक बऱ्यापैकी घाण शिवी निघाली आणि आईने क्रूसाची खूण केली, कारण ती म्हाताऱ्याची आवडती होती.

"मला दिसलं!" लुग्रेत्सिया ओरडली. "झानेत्तो! माझ्या पोराचं नाव आहे! हे बघा. तिसरं अक्षर, मग त्यानंतरचं चौथं, मग इथून उडी मारून डाव्या बाहीवर..."

"दर तिसरं, मग चौथं, मग दुसऱ्या हातावर?" ओर्सेत्ता म्हणाली. "वहिनी, ही पद्धत नाही. ही इच्छा आहे."

"तुझ्या इच्छेपेक्षा बरी! बाईमाणसाला खुर्ची!"

"झानेत्तोचे दात अजून पडतायत!"

"निदान त्याला पुढे दाढी येईल!"

नाडाल टेबलाच्या टोकाला सार्डिन मासळी खात होता. तो रिआल्तोच्या बाजारात सार्डिनच विकायचा, आणि सणासमारंभाला घरी येऊन आईच्या हातच्या, कांदा-व्हिनेगरात मुरवलेल्या पुन्हा त्याच खायचा.

"तू काही बोलणार आहेस का?" मारिनने विचारलं.

"मी कशाला बोलू? मी पोकळ."

"झालं याचं सुरू," आई म्हणाली.

हे जुनं होतं. बेल्त्राम्यांच्या लिपीत खऱ्या चिन्हांच्या मधे मधे काही चिन्हं अशी घालत की ज्यांना अर्थच नाही. शत्रूने त्यांवर डोकं फोडत बसावं म्हणून. त्यांना घरात पोकळ चिन्हं म्हणत. मुलांच्या लक्षात राहावीत म्हणून झक्करियांनी त्यांना घरच्या माणसांची नावं दिली होती. काटा म्हणजे नाडाल, कारण तो सतत खायचा. कोंबडा म्हणजे मारिन, कारण तो मारिन होता. पळी म्हणजे आई. फणी म्हणजे ओर्सेत्ता, कारण लहानपणी ती धडा चालू असताना केस विंचरत बसायची. वाचायला घेतलं की पहिलं काम, ही सगळी मंडळी गाळून टाकायची. 'आधी घरच्यांना गाळा,' म्हातारा म्हणायचा, 'मग अर्थ लागतो.'

"मला तर हे मरेपर्यंत काटाच म्हणाले," नाडाल म्हणाला. "माझं लग्न मोडलं, तर म्हणाले, काट्याने काय फरक पडतो, वाचताना गाळायचाच आहे."

"तुझं लग्न मोडलं कारण तू आमंत्रण वाचून न बघता पाठवलंस!" मारिन म्हणाला.

"मी माझ्याच लग्नाचं आमंत्रण उलगडत बसू?"

"गप्प बसा!" आईने सार्डिनचं भांडं दाणकन टेबलावर आदळलं. "महिनाच झालाय माणूस जाऊन—"

भांड्यातला रस्सा, कांद्यासकट, टेबलावरून वाहत गेला आणि मारिनच्या उजव्या बाहीपाशी थांबला. मग थांबला नाही. मारिन हात उचलेपर्यंत वाटसरू धुऊन गेला होता आणि प्रार्थनेच्या जागी कांद्याची एक चकती चिकटली होती.

"दस्तऐवज," लुग्रेत्सिया म्हणाली.

ओर्सेत्ता उठली. तिने शाल ओढली.

"कुठे?" मारिन म्हणाला.

"दगड बघायला. तुझ्या मनगटावर वाचून माझा विश्वास उडालाय."

"त्यावर फादरचा गालिचा आहे!"

"त्याखाली माझा बाप आहे."

नाडालने शेवटची सार्डिन तोंडात टाकली आणि तिच्या मागोमाग निघाला. त्याला दगडाशी काही देणंघेणं नव्हतं. मारिन नको म्हणत होता, एवढं त्याला पुरे होतं.

*

चर्चमध्ये कोणी नव्हतं. ओर्सेत्ताने गालिच्याचं टोक पकडलं आणि रागाने ओढलं. तो इतका जड होता की राग अर्ध्यात संपला आणि उरलेला नाडालला ओढावा लागला.

ती दगडाशी वाकली. वाकलेलीच राहिली.

"काय?" नाडाल म्हणाला. "शिवी आहे का खरंच?"

"दादाने हे उतरवून घेतलं नाही."

"काय नाही?"

तिने बोट ठेवलं. प्रत्येक खऱ्या चिन्हानंतर, छिन्नीने नीट खोल कोरलेली, छोटीशी फणी. दात वर, पाठ खाली. पहिल्या ओळीत, दुसऱ्या ओळीत, शेवटपर्यंत. वडिलांना दिसत नव्हतं तेव्हा त्यांनी पाथरवटाला मेणात बोटाने रेघा ओढून दाखवल्या असणार.

"पोकळ चिन्हं कोण उतरवून घेतं?" नाडाल म्हणाला. "मीसुद्धा घेतली नसती. बाहीवर जागा किती असते?"

"नाडाल, लहानपणी एकच पोकळ चिन्ह लागोपाठ दोनदा वापरलं की बाबा काय करायचे?"

"हातावर पट्टी."

"का?"

"आळशी लिहिणाऱ्याचं लक्षण. शत्रूला लगेच कळतं." नाडालने आपला तळहात बघितला, जणू वळ अजून असेल. मग दगड बघितला. "काटा आहे का कुठे?"

"नाही."

"कोंबडा?"

"नाही."

"आईची पळी तरी?"

"सगळ्या फण्या आहेत."

नाडालने आणखी एकदा पूर्ण दगड बघितला, कोपरे धरून. "मेल्यावरसुद्धा मला गाळलं," तो म्हणाला. पण त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरत होतं. "ओर्सी! नाव तुझं आहे! कोंबड्याचं नाही! चल, त्याचं तोंड बघायचंय मला, आत्ता, रस्सा ओला आहे तोवर!"

ओर्सेत्ता हसली नाही. ती उभी राहिली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"घेतलं माझं नाव," ती म्हणाली. "कशात घेतलं, बघितलंस? ज्याला अर्थ नाही असं आपण सगळ्यांनी पाठ केलंय, त्यात. सरळ नाव कोरलं असतं तर काय छिन्नी मोडली असती? जे वाचायला आधी मलाच गाळावं लागतं, त्याच्यात मला ठेवलं! आणि हे बाहेर कोणाला दाखवू मी? फणी म्हणजे ओर्सेत्ता, हे जगात चार माणसांना माहीत आहे. त्यातली एक मी, एक तू, आणि बाकीचे दोन घरी दादाच्या बाह्या वाळवतायत!"

"कोण आहे तिकडे?" फादर फांतिन बाजूच्या खोलीतून आले. "गालिचा! मी म्हटलं होतं—"

"फादर," ओर्सेत्ता म्हणाली, "बिशपना सांगा, यात सैतान नाही. सैतान सरळ बोलतो."

*

आईने दोघांचं ऐकून घेतलं. ती भांडी घासत होती, आणि ज्या जोराने घासत होती त्यावरून सगळे तिच्या मनाचा अंदाज घेत होते.

"पोकळ चिन्हाला अर्थ नसतो!" मारिन ओरडत होता. "तीच तर त्याची व्याख्या आहे! अर्थ असता तर ते पोकळ नसतं!"

"मग लेखभर एकच का?" ओर्सेत्ता म्हणाली. "बाबांनी आयुष्यात कधी एक पोकळ चिन्ह सलग दोनदा लिहिलं होतं?"

"आंधळे झाले होते ते!"

"आंधळे झाले तेव्हा त्यांचं काम कोण करत होतं? बोल ना. म्हण एकदा. मोठ्याने."

मारिन बाही पिळत बसला.

"राजवाड्याला मी काय सांगू?" तो म्हणाला. "की दगडावर फणी आहे? आणि लहानपणी आमच्या घरात हिला फणी म्हणायचे? हसून मरतील! पेंझिन तर बोटी करून बघायला येतील!"

"मी साक्ष देईन," नाडाल म्हणाला.

"तू सार्डिन विकतोस!"

"सार्डिन विकणाऱ्याला खोटं कमी बोलावं लागतं. वासावरून कळतं."

लुग्रेत्सियाने आवाज मऊ केला. तिचा आवाज मऊ झाला की घरातली मांजर बाहेर जायची. "ओर्सी, तू शहाणी आहेस. नाव मारिनचं लागू दे. काम तू करतच आहेस, करत राहा. काही बदलणार नाही. उलट आम्ही माळ्याला एक खिडकी काढून देऊ."

"खिडकी," ओर्सेत्ता म्हणाली.

"मोठी. कालव्याकडे उघडणारी."

"पेंझिनांच्या घराकडे?"

"बघायचं नसेल तर पडदा लावू."

आईने घासलेलं भांडं पालथं ठेवलं. तिच्या मनात एक हिशेब चालला होता आणि तो तिला आवडत नव्हता. नवरा खोटं वागला हे तिला माहीत होतं. रोज रात्री मुलीने उलगडलेलं पान तो हातात घेऊन सही करायचा, तेव्हा ती तिथेच विणत बसलेली असायची. तिने एकदाही सुई खाली ठेवली नव्हती. का? कारण चूल त्या सहीवर पेटत होती. आणि आज हिने राजवाड्यापुढे तोंड उघडलं, तर ते विचारतील, इतकी वर्षं आमची गुपितं कोणाच्या हातात होती? मग खुर्ची राहू दे, घर राहील का?

"मारिनचं नाव सांगायचं," ती म्हणाली.

"आई!"

"ओरडू नकोस. फणी मलाही दिसली असती. तुझ्या बापाला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. त्याने तुझंच नाव घातलंय. पण त्याने ते असं घातलंय की मानायचं की नाही हे माझ्यावर टाकून गेलाय. आयुष्यभर एवढंच केलं त्याने, सगळं माझ्यावर टाकलं. मी नाही मानत. संपलं."

ओर्सेत्ताने आईकडे बघितलं. आईने बघितलं नाही. तिने आधीच घासलेलं एक भांडं पुन्हा घासायला घेतलं.

तेवढ्यात घंटा झाली.

*

राजवाड्याचा कारकून बारीक, ओला माणूस होता. बाहेर पाऊस नव्हता. तो बोटीतून उतरताना पाय घसरून पडला होता आणि त्याबद्दल बोलायचं नाही असं त्याने ठरवलेलं दिसत होतं.

"नाव?" तो म्हणाला.

ओर्सेत्ता टेबलाशी बसली होती, हाताची घडी घालून. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. तिला बघायचं होतं, कोणी म्हणतंय का.

"मारिन," मारिन म्हणाला. "मारिन बेल्त्रामे. दगडावर स्पष्ट आहे."

"घरातल्या आणखी कोणी वाचलं?"

"मी," आई म्हणाली. "मारिनच आहे."

नाडालने तोंड उघडलं. आईने त्याच्याकडे नुसती मान वळवली. नाडालने तोंड मिटलं, आणि स्वतःचाच राग येऊन एक अख्खा कांदा खाल्ला.

"छान," कारकून म्हणाला, आणि कोटातून एक ओलसर पुडकं काढलं. "अभिनंदन, सेर मारिन. हे आज सकाळी एका परक्या वकिलाच्या खलाशाकडे मिळालं. तीन पानं. उद्या सभा बसायच्या आत उकल हवी. तुमच्या वडिलांना एक रात्र पुरायची."

"पुरेल," मारिन म्हणाला. त्याचा आवाज बाह्यांइतकाच फिका झाला होता.

कारकून जिन्याने उतरला, या वेळी भिंत धरून.

मारिनने पुडकं उघडलं. त्याने पहिलं पान बघितलं, मग उलटं धरून बघितलं. मग, वडील जसं धरायचे अगदी तसं, मान न वळवता, त्याने ते पान बहिणीच्या दिशेने धरलं.

"ओर्सी, जरा बघतेस?"

ओर्सेत्ताने घडी सोडली नाही.

"मी पोकळ चिन्ह आहे, दादा," ती म्हणाली. "मला गाळून वाच."

मारिन हसला. मग बघितलं, तर ती हसत नव्हती.

"ओर्सी. उद्या सकाळी द्यायचंय."

"आधी घरच्यांना गाळा. मग अर्थ लागतो."

"थट्टा पुरे!"

"मी तुला एक शब्द सांगणार नाही. उद्या नाही, परवा नाही, खिडकी काढलीस तरी नाही. तू कोरलास ना तुझा कोंबडा? आता आरव."

"घर जाईल!" लुग्रेत्सिया किंचाळली. मऊपणा कुठे गेला, कळलं नाही. "पेंझिन इथे येऊन राहतील! माझ्या पलंगावर!"

"पडदा लावा."

मारिनने आईकडे बघितलं. सगळ्यांनी आईकडे बघितलं. आईच्या हातात भांडं होतं, आणि आता त्याला घासण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

आई मारिनपाशी गेली, त्याच्या हातातलं पान घेतलं. तिला ते वाचता येत नव्हतं. काळं एवढंच दिसत होतं. तिने ते ओर्सेत्तासमोर धरलं नाही. घडी घालून पुन्हा मारिनच्या हातात कोंबलं.

"येतं तुला?" तिने विचारलं.

"आई, दोन-तीन दिवस मिळाले तर..."

"येतं का?"

"नाही."

"मग हाक मार त्याला."

"कोणाला?"

"त्या ओल्या माणसाला! मी एकदा खोटं बोलले तुझ्यासाठी. ते खरं करून दाखवायची तुझी ऐपत नाही हे मला आधी सांगायचं होतंस, गाढवा! नाडाल, खिडकी उघड!"

नाडालने ती इतक्या आनंदाने उघडली की एक झडप कालव्यात पडली.

खाली बोट नुकतीच काठापासून सुटली होती. "अहो!" आई ओरडली. "वाचण्यात चूक झाली!"

"कुठलं अक्षर?" कारकुनाने वर बघून विचारलं.

"सगळीच! नाव दुसरं आहे!" तिने मारिनला बाहीला धरून खिडकीशी ओढलं. "सांग."

मारिन काहीतरी पुटपुटला.

"ऐकू गेलं नाही," ओर्सेत्ता टेबलापासून म्हणाली.

"ओर्सेत्ता!" मारिन कालव्यावर ओरडला. राग, लाज, व्हिनेगर, सगळं त्या आवाजात होतं. "ओर्सेत्ता बेल्त्रामे! सगळं काम तिनेच केलंय! आंधळ्या बापाच्या वेळेपासून! झालं? झालं समाधान?"

कालव्यावरच्या खिडक्या एकामागून एक उघडल्या. पेंझिनांच्या सगळ्या उघडल्या. पलीकडून एका म्हातारीने विचारलं, "हरवली का पोरगी?"

कारकून बोटीत बराच वेळ उभा राहिला. वल्हेकऱ्याने बोट धरून ठेवली. राजवाड्याच्या गुपितांचा आत्ता भर कालव्यात लिलाव झाला होता, आणि हे वर कसं सांगायचं याचा तो विचार करत असावा.

"बाई?" शेवटी त्याने विचारलं.

"बाई!" आई ओरडली.

"उद्या सकाळपर्यंत होईल?"

ओर्सेत्ता उठली. मारिनच्या हातातून पान काढून घेतलं, चालता चालता वाचलं, आणि खिडकीशी पोचली तेव्हा पहिल्या ओळीवरचं तिचं बोट पुढे सरकलं होतं.

"सकाळपर्यंत थांबायची गरज नाही," ती खाली म्हणाली. "खलाशाला सोडू नका. तो नुसता खलाशी नाही, एवढं पहिल्याच ओळीत आहे."

कारकुनाने घाईघाईने आपली वही काढली. तीही ओली होती. तो गुडघ्यावर ठेवून लिहायला लागला. मग थांबला आणि खालूनच, अगदी सौजन्याने म्हणाला, "असं करतो. नुसतं 'ओ. बेल्त्रामे' लिहितो. कोणी विचारणार नाही. सगळ्यांच्याच सोयीचं."

लुग्रेत्सियाने सुटकेचा श्वास सोडला. मारिननेही. आईने मान डोलावली आणि मग, ओर्सेत्ताचा चेहरा बघून, डोलावायची थांबवली.

ओर्सेत्ताने दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले, झडप पडली होती तिथे, आणि अर्धी बाहेर वाकली.

"पूर्ण लिहा," ती म्हणाली. "एकही अक्षर गाळू नका. मी इथे उभी राहून बघतेय."